नुनावुतच्या खाणीची फाइल वाचायची कशी? उत्तर कॅनडातल्या प्रकल्पांचा पर्यावरण आणि सामाजिक रिव्ह्यू, पायरी पायरीने

कॅनडात पर्यावरण शिकायला किंवा कन्सल्टिंगच्या नोकरीला गेलात तर कधी ना कधी उत्तरेतली एखादी खाण टेबलावर येतेच, आणि आपण आपल्याकडची २००६ ची ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचना डोक्यात घेऊन बसलेलो असतो, म्हणजे कलेक्टर अध्यक्षस्थानी, एक जनसुनावणी, मंडपात थोडा गोंधळ, आणि मग फाइल दिल्लीला किंवा मुंबईला. तिकडे तसं काही नसतं. तिकडे प्रश्न-उत्तरांच्या फेऱ्या महिनोन्महिने चालतात, म्हातारा शिकारी आणि पीएचडीवाला जीवशास्त्रज्ञ एकाच माइकवर बोलतात, आणि दोघांचंही बोलणं पुरावा म्हणून नोंदलं जातं. त्यामुळे तयारी पण वेगळी लागते. खाली मी जास्त करून नुनावुतची, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट या मूळ रहिवाशांच्या प्रदेशाची, पद्धत घेतलीये आणि उदाहरणाला बॅफिन बेटावरची मेरी रिव्हर ही लोखंडाची खाण, कारण एका फाइलमध्ये सगळे धडे मिळतील अशी दुसरी मला तरी माहीत नाही. (२०११ मध्ये या खाणीची कंपनी विकत घेणाऱ्यांत आर्सेलर मित्तल पण होती, म्हणजे अगदीच परकं प्रकरण नाही.)

आधी बघा की तुम्ही कुठे आहात

"उत्तर" म्हणजे एक कायदा नाही, ही पहिली गोष्ट पक्की करा. युकॉनमध्ये २००३ चा स्वतंत्र कायदा आणि त्याचं मंडळ, त्याची ऑफिसं डॉसन सिटी, मेयो, वॉटसन लेकसारख्या छोट्या गावांत. नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या मॅकेन्झी खोऱ्यात १९९८ चा कायदा आणि येलोनाइफमध्ये बसणारं रिव्ह्यू बोर्ड. त्याच टेरिटरीच्या वरच्या टोकाला इनुव्हियालुइट लोकांचा १९८४ चा करार, त्यांची छाननी समिती वेगळी. आणि नुनावुतमध्ये १९९३ चा करार, १९९६ पासून काम करणारं नुनावुत इम्पॅक्ट रिव्ह्यू बोर्ड (पुढे नुसतं "मंडळ" म्हणतो), त्यावर २०१५ पासून लागू झालेला नियोजन आणि मूल्यांकनाचा कायदा. प्रकल्प जमिनीच्या कुठल्या तुकड्यावर आहे यावरून कुणाचा फॉर्म भरायचा ते ठरतं, आणि ईमेल चुकीच्या मंडळाला गेला तर तुमची मुदत कुणी थांबवून ठेवत नाही.

ही मंडळं सरकारी खातं नाहीत, हे आपल्याला पटायला वेळ लागतो. मूळ रहिवासी आणि सरकार यांच्यात जमिनीच्या हक्कांचे करार झाले त्यातून ती जन्माला आली, म्हणून नुनावुतच्या मंडळात ९ जागांपैकी ४ इनुइट संघटनेने सुचवलेल्या लोकांच्या. गावोगावी जाऊन ऐकायची सवय त्याहून जुनी. १९७४ ते ७७ मध्ये न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी मॅकेन्झी खोऱ्यातल्या गॅस पाइपलाइनची चौकशी केली तेव्हा ते ३५ वस्त्यांमध्ये जाऊन बसले, आणि शेवटी सांगितलं की आधी हक्कांचे प्रश्न मिटवा, खोऱ्यातली पाइपलाइन १० वर्षं थांबवा. आजच्या सुनावण्यांमध्ये बर्जर यांची छाप अजून दिसते.

पहिला दरवाजा : आराखडा आणि स्क्रीनिंग

नुनावुतमध्ये प्रस्ताव थेट मंडळाकडे जात नाही. आधी नियोजन आयोग बघतो की त्या भागाच्या जमीन-वापर आराखड्यात हा प्रकल्प बसतो का. बसत नसेल तर तिथेच अडकतो. कंपन्यांचे नवे लोक ही पायरी कारकुनी समजतात, मला तर वाटतं अर्धी लढाई इथेच असते, कारण आराखड्यात रेल्वेचा किंवा जहाजांचा मार्ग एकदा घुसला की पुढे तो "हवा की नको" हा प्रश्न उरत नाही, "कसा करायचा" एवढाच उरतो.

मग स्क्रीनिंग, म्हणजे पूर्ण रिव्ह्यू लागेल का याची पहिली छाननी. मंडळाकडे साधारण ४५ दिवस असतात. इथे ५० पानी टिपण लिहू नका, कुणाला वाचायला वेळ नसतो. दोनच गोष्टी दाखवायच्या: परिणाम गंभीर असू शकतो, आणि लोकांमध्ये चिंता आहे. मॅकेन्झी खोऱ्यात कायद्याची भाषा "असू शकतो" अशीच आहे, सिद्ध करायची जबाबदारी या टप्प्यावर तुमची नाही. येलोनाइफच्या जायंट सोन्याच्या खाणीचं उदाहरण घ्या. जमिनीखाली २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची भुकटी साठवून खाण बंद झाली, सरकारने ती गोठवून ठेवायचा आराखडा आणला, स्क्रीनिंगमध्ये तो सुटतोय असं दिसल्यावर २००८ मध्ये खुद्द शहराच्या नगरपालिकेने तो पूर्ण मूल्यांकनाला पाठवला. त्यातून शेवटी २६ उपाययोजना बंधनकारक झाल्या, शिवाय "कायमचं गोठवून ठेवू" ऐवजी जास्तीत जास्त १०० वर्षं आणि वेगळी देखरेख संस्था. सुरुवातीला एक पत्र गेलं नसतं तर यातलं काही झालं नसतं.

रजिस्ट्री उघडा, पण सारांश शेवटी वाचा

रजिस्ट्रीवर, म्हणजे मंडळाच्या नोंदसाठ्यावर, सगळी कागदपत्रं ऑनलाइन आणि फुकट असतात, लॉगिन बिगिन काही लागत नाही. मेरी रिव्हरचा फाइल नंबर ०८एमएन०५३, यातला ०८ म्हणजे २००८ साल आणि एमएन म्हणजे मायनिंग. आत हजारो फाइल्स. नवा माणूस काय करतो, कंपनीचा एक्झिक्युटिव्ह समरी उघडतो, कारण तो सोपा असतो, रंगीत नकाशे असतात, आणि तो वाचून झाला की मग डोक्यात कंपनीचीच मांडणी बसते.

माझा क्रम उलटा असतो. आधी प्रकल्पाच्या वर्णनातला आकड्यांचा तक्ता: वर्षाला किती टन, किती जहाजं, कुठल्या महिन्यात, किती किलोमीटर रस्ता, किती वर्षं. मग जुनं प्रोजेक्ट सर्टिफिकेट (अटींसकट मंजुरीचा कागद) असेल तर ते. मग इतरांनी विचारलेले प्रश्न, खासकरून मत्स्य खातं, कॅनडाचं पर्यावरण खातं, प्रादेशिक इनुइट संघटना आणि गावातली शिकारी संघटना यांचे, कारण या लोकांनी कच्चे दुवे आधीच शोधलेले असतात. मग अभ्यासपद्धतीचं प्रकरण. सारांश सगळ्यात शेवटी, आणि तो पण एवढ्यासाठीच की आतमध्ये जे कचरत लिहिलंय ते बाहेर किती ठामपणे लिहिलंय ते कळावं.

कागदावरचा प्रकल्प आणि जमिनीवरचा प्रकल्प

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. प्रकल्प आज काय आहे ते बघू नका, तो काय होत चाललाय ते बघा.

मेरी रिव्हरला २०१२ च्या डिसेंबरमध्ये प्रोजेक्ट सर्टिफिकेट मिळालं, नंबर ००५. तेव्हा मंजूर काय झालं होतं, तर वर्षाला १ कोटी ८० लाख टन खनिज, दक्षिणेला स्टीन्सबी इनलेटपर्यंत सुमारे १५० किलोमीटर रेल्वे, तिथे बंदर. ही रेल्वे झालीच नाही. पैशाचं गणित बदललं आणि २०१४ मध्ये "अर्ली रेव्हेन्यू फेज" नावाने परवानगी घेतली गेली: वर्षाला ४२ लाख टन, ट्रकने, उत्तरेला मिल्न इनलेटकडे. म्हणजे दिशाच उलटी, समुद्रही दुसरा, गाव दुसरं. पाँड इनलेट हे नार्व्हालच्या (लांब सुळ्याच्या लहान देवमाशाच्या) शिकारीवर जगणारं गाव एकदम मुख्य जहाजमार्गावर आलं. मग २०१८ मध्ये ६० लाख टनांची मागणी. मंडळाने उत्पादनवाढीला नको म्हटलं, मंत्र्यांनी हो म्हटलं. आणि मग फेज टू: १ कोटी २० लाख टन आणि उत्तरेकडे ११० किलोमीटरची रेल्वे.

प्रत्येक वेळी अर्ज सुटा बघितला तर वाढ "मर्यादित" वाटते. एकत्र मांडली की कळतं, जो प्रकल्प २०१२ ला तपासला तो आणि जो उभा राहिला तो, नाव सोडलं तर वेगळेच आहेत. म्हणून एक कागद घ्या, डावीकडे वर्षं, उजवीकडे मंजूर टन, प्रत्यक्ष टन, मार्ग, जहाजांच्या फेऱ्या, आणि हा तक्ता तुमच्या टिप्पणीच्या पहिल्या पानावर टाका. आपल्याकडे विस्ताराच्या मंजुऱ्या बघणाऱ्यांना ही युक्ती नवीन नसेल.

स्कोपिंग आणि बेसलाइन

रिव्ह्यू करायचा ठरला की मंडळ कंपनीला कशाकशाचा अभ्यास करायचा ते लिहून देतं. यात जे नाही ते पुढे कधी येत नाही, म्हणून इथे भांडा. अभ्यासक्षेत्राची सीमा कुठे आखलीये ते नकाशावर बोट ठेवून बघा. धूळ, आवाज आणि जनावरं या तिघांनाही ती सीमा माहीत नसते. एकाटी आणि डायविक या हिऱ्याच्या खाणींभोवती उन्हाळ्यात कॅरिबू (तिकडचे रानटी रेनडिअर) साधारण १४ किलोमीटरपर्यंतचा भाग टाळतात असं अभ्यासात दिसलंय, मग कुणी खाणीभोवती ५ किलोमीटरचा गोल काढून "परिणाम नाही" म्हणत असेल तर काय म्हणायचं.

बेसलाइनमध्ये, म्हणजे प्रकल्पाआधीच्या स्थितीच्या नोंदीत, सगळ्यात मोठी गोम काळाची असते. बॅफिन बेटावरचे कॅरिबू काही दशकांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात, वडीलधारे साठ-सत्तर वर्षांचं चक्र सांगतात. २०१४ च्या सर्वेक्षणात सगळ्या बेटावर ५ हजारांच्या आत निघाले, शिकारीवर बंदी आली. अशा पडत्या काळातली दोन-तीन वर्षं बेसलाइन म्हणून घेतली तर खाणीजवळ कॅरिबू दिसणारच नाहीत, आणि अहवालात येणार "या भागाचा वापर कमी". कळप परत आला की त्याच्या वाटेवर रेल्वे उभी. हे जनावरांच्या गळ्यातल्या उपग्रहाच्या कॉलरवरून कळत नाही, ज्याच्या आजोबाने तिथे शिकार केली तो सांगतो. इनुइट लोकांच्या या पिढीजात ज्ञानाला इनुइट काउयिमायातुकांगित म्हणतात आणि मंडळाला ते विचारात घ्यावंच लागतं. तुम्ही बघायचं एवढंच की अहवालात ते प्रकरण ३ मध्ये शोभेला ठेवलंय की प्रकरण ७ मधला निष्कर्ष त्याने बदललाय. कुठला निष्कर्ष बदलला ते दाखवा, असा सरळ प्रश्न विचारा, बऱ्याचदा उत्तर लांबलचक येतं आणि त्यात काही नसतं.

एकत्रित परिणाम, म्हणजे क्युम्युलेटिव्ह इफेक्ट, हा भाग सगळीकडेच दुबळा असतो. बाथर्स्ट हा कॅरिबूंचा कळप १९८० च्या दशकात ४ लाखांच्या वर होता, २०२१ ला साधारण ६ हजार. याला एकटी खाण जबाबदार आहे असं कुणीच प्रामाणिक माणूस म्हणणार नाही, हवामान आहे, शिकार आहे, रस्ते आहेत, पण नेमकं म्हणूनच प्रत्येक कंपनी म्हणते आमचा वाटा नगण्य. अशा वेळी वाटा विचारू नका, कळपात आता सहन करायची किती ताकद उरलीये ते विचारा.

सामाजिक भाग परिशिष्ट नाही

इंजिनिअर मंडळी हा भाग भरभर उलटतात. इथे थांबा. उत्तरेतल्या कायद्यांत शिकार, संस्कृती, घरदार हे सगळं "परिणाम" या शब्दाच्या आतच धरलंय.

काय काय बघायचं? खाणीवरचं काम विमानाने जाऊन-येऊन असतं, दोन-दोन आठवडे घराबाहेर. पगार चांगला. पण घरी राहिलेल्या बाईवर मुलं, म्हातारे आणि पाणी-इंधनाची सगळी कामं, आणि जो माणूस बाहेर तो शिकारीच्या नेमक्या दिवसात बाहेर. दुकानातलं अन्न विमानाने किंवा फक्त उन्हाळ्यात जहाजाने येतं, भयंकर महाग, त्यामुळे शिकार कमी झाली की ताटातला फरक पगारातून भरून निघेलच असं नाही, शिवाय शिकारीचं मांस गावात वाटलं जातं, पगार वाटला जात नाही. मग प्रश्न असे विचारायचे: स्थानिक लोकांना नोकऱ्या किती ते नको, कुठल्या पदावर आणि किती महिने टिकले ते सांगा. कॅम्पवर बायकांच्या छळाच्या तक्रारी कुणाकडे जातात. इनुक्टिटुट (इनुइट लोकांची भाषा) बोलणाऱ्या कामगाराला सेफ्टीचं ट्रेनिंग कुठल्या भाषेत. खाण अचानक बंद पडली, लोखंडाचा भाव कोसळला तर गावाचं काय.

एक सापळा सांगतो. कंपनी आणि इनुइट संघटना यांच्यात फायदे वाटपाचा वेगळा करार असतो, त्यातले पैशाचे तपशील अनेकदा गोपनीय. सामाजिक प्रश्न आला की कंपनी म्हणते "ते करारात येईल". हे उत्तर मान्य करू नका. मंडळासमोर जे उघड नाही ते परिणाम कमी करायचा उपाय म्हणून मोजता येत नाही, असं साध्या शब्दात लिहा.

प्रश्न लिहायची पद्धत

फेऱ्या दोन असतात: आधी माहितीची मागणी, मग तांत्रिक टिप्पणी. दोन्हीकडे तुमचं लिखाण कंपनीला मुद्द्याला मुद्दा उत्तर देता येईल असं पाहिजे. समजा धुळीबद्दल लिहायचंय. गोव्यात सांगे, डिचोली भागात ट्रकच्या रस्त्याकडेच्या झाडांवर लाल थर ज्यांनी पाहिलाय त्यांना मेरी रिव्हरच्या बर्फावरचा लाल रंग समजावून सांगायला नको.

वाईट टिप्पणी: "धुळीमुळे पर्यावरणाची हानी होत असून गावकरी नाराज आहेत, कंपनीने योग्य ती दखल घ्यावी." याला उत्तर येतं "दखल घेतली आहे, धन्यवाद".

चांगली टिप्पणी अशी: विषय, धूळ. संदर्भ, अमुक खंड अमुक तक्ता. अडचण, मॉडेलने धूळ रस्त्यापासून अमुक अंतरात बसेल म्हटलंय, पण शिकाऱ्यांनी त्याच्या कितीतरी पलीकडे लाल बर्फ पाहिल्याचं रजिस्ट्रीतल्या अमुक क्रमांकाच्या नोंदीत आहे, आणि मोजणीची भांडी मात्र जवळच ठेवलीयेत. मागणी, दूरच्या ठिकाणी बर्फाचे नमुने कुठे घेणार ते शिकारी संघटनेसोबत ठरवा, जुना अंदाज आणि प्रत्यक्ष मोजणी एका तक्त्यात द्या, फरक असेल तर मॉडेल पुन्हा चालवा. एका टिप्पणीत एकच मुद्दा. शेवटी करायला काय सांगताय ते क्रियापदासकट.

पैसे नाहीत, तज्ज्ञ नाही अशी अडचण असेल तर केंद्र सरकारचा सहभाग-निधी असतो, त्याला लवकर अर्ज करा, फाइल सुरू झाली की लगेच.

सुनावणी आणि भाषा

तांत्रिक बैठक, गावकऱ्यांची गोलमेज, मग अंतिम सुनावणी. भाषांतर इअरफोनवर चालू असतं म्हणून हळू बोला, आकडे दोनदा सांगा, विनोद टाळा, भाषांतरात मरतो. वडीलधारे बोलताना घड्याळाकडे बघायचं नाही, ते पंधरा मिनिटं जुनी शिकार सांगतील आणि सोळाव्या मिनिटाला तुमच्या बर्फाच्या मॉडेलमधली चूक सांगतील.

कागद ढिगाने दिला म्हणजे सल्लामसलत झाली असं नाही, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये क्लाइड रिव्हर या बॅफिन बेटावरच्या गावाच्या निकालात स्पष्ट केलं. समुद्रात भूकंपीय चाचण्या करणाऱ्या कंपन्यांनी गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून ३,९२६ पानांचं डॉक्युमेंट दिलं होतं, त्यातलं फार थोडं इनुक्टिटुटमध्ये, आणि गावातलं इंटरनेट असं की ते डाउनलोडही धड होत नव्हतं. परवानगी रद्द झाली. (आपल्याकडे स्थानिक भाषेत फक्त सारांश द्यावा लागतो, तोही कसा असतो ते माहितीच आहे.) त्यामुळे भाषांतर कधी आलं, किती भागाचं आलं, याची तारीखवार नोंद ठेवा.

निर्णय कुणाचा

मंडळ शिफारस करतं, निर्णय केंद्रातल्या मंत्र्यांचा. दोघांचं जुळेलच असं नाही. किगाविक युरेनियम खाणीला मंडळाने २०१५ ला "आत्ता नको" म्हटलं कारण कंपनीकडे सुरुवातीची तारीखच नव्हती, मंत्र्यांनी ते मानलं. बॅक रिव्हर सोन्याच्या खाणीला २०१६ ला कॅरिबूच्या काळजीने नको म्हटलं, मंत्र्यांनी परत पाठवलं, आणखी माहिती घेऊन २०१७ ला हो झालं. मेरी रिव्हरच्या फेज टूला मंडळाने १३ मे २०२२ ला नको म्हटलं आणि नोव्हेंबरमध्ये मंत्री डॅन वँडल यांनी तेच कायम केलं. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये, सुनावणी चालू असतानाच, शिकाऱ्यांनी खाणीची धावपट्टी आणि रस्ता कडाक्याच्या थंडीत अडवून धरला होता. पण निर्णयाच्या अहवालात वजन पडलं ते वर्षानुवर्षं नोंदवलेल्या गोष्टींचं: नार्व्हाल कुठे दिसायचे आणि आता कुठे दिसत नाहीत, बर्फावर धूळ, आणि आधीच्या अंदाजांवर उडालेला विश्वास. कंपनी म्हणत होती नार्व्हाल कमी झाले नाहीत, शेजारच्या खाडीत गेले असतील. शिकारी म्हणाले, गेले असतील तरी आमच्या गावासमोरून गेलेच ना.

सर्टिफिकेट मिळाल्यावर

बरेच लोक इथे फाइल बंद करतात. ती बंद करायची नसते. मेरी रिव्हरच्या सर्टिफिकेटमध्ये पावणेदोनशेच्या वर अटी आहेत आणि कंपनी दरवर्षी प्रत्येक अटीवर अहवाल देते. सगळ्या वाचणं होत नाही, म्हणून तुमच्या विषयाच्या दहाएक अटी निवडा आणि सलग तीन वर्षांचे अहवाल शेजारी-शेजारी उघडा. जिथे मजकूर शब्दशः तोच आहे, फक्त साल बदललंय, तिथे काम झालेलं नसतं. जिथे मोजणीची जागा किंवा पद्धत मध्येच बदललीये तिथे का बदलली ते विचारा, कारण पद्धत बदलली की जुन्या आकड्याशी तुलनाच होत नाही. वार्षिक अहवालावर टिप्पणी मागवायची मुदत मंडळ जाहीर करतं, वितरण यादीत तुमचा ईमेल टाकायला सांगा, आणि पुढचा विस्ताराचा अर्ज येईल तेव्हा तोच दहा अटींचा तक्ता पहिल्या पानाला जोडून पाठवा.